निरोप्याचं पुढं काय झालं

आमच्या टेकाडे सरांचं नाव गुलाबराव. धाकट्या भावाचं चंपतराव. अकोल्याहून अकोटकडे निघालं की शहर संपता संपता त्यांच्या वडिलांचा फुलांचा मळा लागायचा, आणि त्या माणसानं दोन्ही पोरांची नावं मळ्यात उभं राहूनच ठेवली असावीत. सरांना ते नाव अजिबात शोभत नसे. उंच, काटकुळे, मान पुढं काढून चालणारे, आणि समोरच्याचं बोलणं पुरतं होण्याआधीच "हे कोणं सांगतलं तुले?" असं विचारणारे. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात पोरं म्हणायची, गुलाब केव्हाच गळाला, आता नुसते काटे उरले. हे सरांच्या कानावर गेलं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की उपमा बरी आहे, ज्याची असेल त्यानं हात वर करावा, दोन मार्क वाढवून देतो. हात कोणी वर केला नाही.

सर मराठी शिकवायचे, आणि मराठीतही मुख्यतः एक नाटक. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला एक जुनी शोकांतिका नेमलेली होती, परक्या मुलखातली, मराठीत आणलेली. सर तिचं नाव घेत नसत. "ते नाटक" म्हणत. घरातल्या वडीलधाऱ्याचं नाव घेऊ नये तसं काहीतरी ते होतं, म्हणून मीही इथं ते घेत नाही. एक म्हातारा राजा आहे. त्याचं सैन्य लढाई हरलंय, पण दरबारातल्या कोणाचीही ते सांगायची हिंमत होत नाही. राजा इकडं विजयाच्या मेजवानीची तयारी करतोय, कोणाला काय बक्षीस द्यायचं ते ठरवतोय. तिसऱ्या अंकात रणावरून एक निरोप्या येतो आणि खरं काय ते सांगून टाकतो. राजा त्याचं ऐकून घेतो, अंगरखा उतरवतो, आणि एकटाच शत्रूच्या छावणीकडं चालत जातो. गोष्ट एवढीच. सरांनी ती आम्हाला पहिल्या तासाला, फुटाण्यांची मूठ तोंडात टाकून संपायच्या आत सांगितली होती.

"झाली गोष्ट," ते म्हणाले. "आता परीक्षेत मले गोष्ट सांगू नोका. गोष्ट मले मालूम आहे. माणूस सांगा."

फुटाणे ही त्यांची एकच चैन. सदऱ्याच्या एका खिशात फुटाणे, दुसऱ्यात खडू. कधीकधी गफलत व्हायची आणि सर फळ्यावर फुटाणा घासत. आम्ही हसायचो. ते वळून बघायचे, हातातला फुटाणा बघायचे, तो तोंडात टाकायचे आणि शिकवणं पुढं चालू.

नाट्यगत उपरोध हा शब्द पाठ करून आम्ही सगळे बसलो होतो. प्रेक्षकाला जे माहीत असतं ते पात्राला माहीत नसतं, त्यातून निर्माण होणारा वगैरे. सरांनी एक दिवस वर्गात आल्या आल्या दिगंबर नावाच्या मुलाला ऑफिसातून डस्टर आणायला पाठवलं. तो दाराबाहेर गेल्यावर शांतपणे म्हणाले, "मी याच्या सायकलच्या दोनी चाकातली हवा सोडून आलो. आता पाहा." दिगंबर आला. सरांनी त्याला उभं करून विचारलं, आज तास सुटल्यावर काय बेत? दिगंबर बोलका. तो म्हणाला, सर, आज लवकर जातो, बहीण येऊन राहिली मुंबईहून, बडनेऱ्याले गाडी येते, तिले घ्याले जातो. आम्ही फसकन हसलो. सर म्हणाले, सायकलनं जातं? दिगंबर म्हणाला, हो सर, पायडल हाणलं की पोहोचलोच. पुन्हा हशा. मग तो म्हणाला, लग्नानंतर पहिल्यांदाच येऊन राहिली, तिच्या सासरचे पाठवतच नोते. यावर कोणी हसलं नाही. 

"हसू कुठं बंद झालं ते लक्षात ठेवा," ते म्हणाले. "तिथून शोकांतिका चालू होते. त्याच्या आंधी फार्स असते."

तास सुटल्यावर सर स्वतः पंप घेऊन सायकल स्टँडवर बसले होते. दिगंबरच्या दोन्ही चाकांत त्यांनीच हवा भरली आणि वर त्याला डबल सीट न्यायला स्वतःची सायकल हवी का विचारलं, कारण तिचं कॅरिअर मजबूत होतं. दिगंबर आज वरूडला संत्र्याचा बगीचा करतो. व्याख्या तो विसरला असेल. चाकं विसरलेला नाही.

वर्गात ते सर्रास वऱ्हाडी बोलत. एकदा पुण्याहून कोणी मोठे प्राध्यापक पाहणीला आले आणि तासाला मागच्या बाकावर बसले. तास संपल्यावर त्यांनी हळूच सुचवलं, की इतक्या उदात्त कलाकृतीला जरा प्रमाण भाषा असावी. सर म्हणाले, "राजा कोणत्या बोलीत रडला ते मूळ नाटकात लिहेल नाही साहेब. मी माह्या बापाले रडताना ऐकलं, ते हेच होतं." पाहुण्यांनी चहा घेतला आणि अहवालात काय लिहिलं ते आम्हाला कळलं नाही.

नशीब हा शब्द मात्र त्यांना खपत नसे. नशीब, नियती, दैव, विधिलिखित, काहीही लिहिलं की पेपर परत. राजाच्या नशिबात पराभव होता असं मी एकदा लिहिलं, तर त्याखाली लाल शाईत ओळ आली, 'लोक काय करत होते ते लिही.' पूर्वसूचना शिकवताना ते कपाशीचं पान घेऊन यायचे, कडेनं लाल पडलेलं. झाड वाळायच्या कितीतरी आधी पान सांगत असतं, बघणारा बघत नाही, हे त्यांना दाखवायचं असायचं. आणि स्वगताबद्दल त्यांचं सगळ्या पुस्तकांशी भांडण होतं. स्वगतात पात्र खरं बोलतं असं पुस्तकं म्हणतात. सर म्हणत, "चूक. माणूस सगळ्यात जास्ती खोटं सोताशीच बोलते. दुसऱ्यासमोर तं त्याले धाक असते."

पण त्यांचा खरा जीव होता तो त्या निरोप्यावर. राजावर सगळे लिहीत. राणीवर मुली लिहीत. सेनापतीवर होतकरू पुढारी लिहीत. निरोप्याला सगळ्या नाटकात एकच प्रवेश. येतो, खरं बोलतो, जातो. त्याला नावसुद्धा दिलेलं नाही. सर वर्गाला विचारत, "निरोप देल्यावर तो कुठं गेला? जेवला का? झोपला का? राजा मेला हे त्याले कोणं सांगतलं?"  मी एकदा धीर करून म्हटलं, सर, त्याचं काम संपलं. सर माझ्याकडं इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं आता खडू येतो. "हो का," ते म्हणाले. "तुमच्याकडं असं संपते का काम?" आणि पुढचा प्रवेश काढायला सांगितला.

त्या वर्षी अकोल्याला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती आणि सरांनी तिसरा अंक बसवला. मी विंगेत प्रॉम्पटर. माझ्या बाजूनं पडद्याच्या फटीतून सगळं सभागृह दिसत होतं. शेवटच्या रांगेत एक बुटका, रुंद खांद्यांचा माणूस बसलेला, डोक्यावर गांधी टोपी, मांडीवर रिकामी वेताची टोपली. विद्यार्थ्यांच्या गर्दीत तो अगदीच वेगळा दिसत होता. राजाची बडबड त्यानं नीट ऐकली. निरोप्या रंगमंचावर आला, त्यानं "महाराज" एवढंच म्हटलं, आणि तो माणूस टोपली उचलून निघून गेला. मी वळून पाहिलं तर सरही त्याच फटीतून बघत होते.

"कोण आहे सर ते?"

"माहा भाऊ," सर म्हणाले. "पुढची ओळ पाह्य, तो पोट्टा इसरला."

नाटकाला तिसरं बक्षीस मिळालं. परतीच्या एसटीत सर खिडकीशी बसले होते आणि मूर्तिजापूर जाईपर्यंत त्यांनी फुटाण्याची पुडीही उघडली नाही. आम्ही पोरं गाण्याच्या भेंड्या खेळत होतो.

पुढं मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले. सर निवृत्त झाले, पण साईनगरातल्या त्यांच्या घरी माझं जाणं-येणं राहिलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. सुमनकाकू आणि ते, दोघंच. काकू दणदणीत बाई, सर त्यांना वचकून असत. गेल्या दिवाळीनंतर सरांना कावीळ झाली. गावठी औषध झालं, दवाखाना झाला, कावीळ हटेना. शेवटी नागपूरला नेलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी काकूंना आणि मला आत बोलावलं आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, पसरलेला आहे, आता फार तर उन्हाळा असं सांगितलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. पदरानं तोंड पुसलं. बाहेर बाकावर सर बसले होते. त्यांच्यासमोर जाऊन काकू ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "पित्ताचे खडे हायेत. टाइम लागते म्हणे, पण होते बरं."

सर म्हणाले, "बरं."

मला ते अजिबात पटलं नाही. ज्या माणसानं जन्मभर आम्हाला खऱ्याच्या मागं लागायला शिकवलं, त्याच्याशी हे? परतताना गाडीत सरांना डुलकी लागली तेव्हा मी काकूंना तसं कुजबुजून म्हटलंही. त्यांनी मला एकच उत्तर दिलं, "घरी चाल, सांगतो." वऱ्हाडातल्या बायका अशा 'सांगतो' म्हणाल्या की समजावं, प्रकरण साधं नाही.

घरी स्वयंपाकघरात, भाजी निवडता निवडता, त्यांनी सांगितलं. सरांच्या वडिलांना असंच दुखणं झालं होतं. ते मळ्यातच राहत, चंपतरावांजवळ. सगळ्या घरानं ठरवलं होतं, म्हाताऱ्याला कळू द्यायचं नाही. डॉक्टर म्हणाले होते दिवाळी बघेल. सर अमरावतीहून गेले, आणि त्यांना ते नाटक सहन झालं नाही. वडिलांच्या खाटेवर बसून त्यांनी सांगून टाकलं, आबा, हे दुखणं बरं होणारं नाही. म्हातारा म्हणाला, बरं झालं सांगतलं. दुसऱ्या दिवशी धरून धरून मळाभर फिरला, शेवंतीच्या वाफ्यापाशी बसला, घरी आला आणि जेवणाच्या ताटाला पुन्हा हात लावला नाही. त्यानं पोळासुद्धा पाहिला नाही.

"तेराव्याच्या दिवशी चंपतभाऊजी सगळ्यायसमोर बोलले," काकू म्हणाल्या, "बापाजवळ चार महिने होते, तू हिसकून घेतले. तवापासून दोघं भाऊ बोलले नाहीत. एका लग्नात समोरासमोर आलते, तं दोघं दोन दारानं गेले. त्याच्या आंधी यायच्या तोंडी कायम तो राजा राहे. बाबाजी गेल्यावर तो निरोप्या सुरू झाला." त्यांनी निवडलेली मेथी माझ्यापुढं सरकवली. "म्या ते ताट पाह्यलं आहे पोरी. भरलेलं ताट. मी यायले नाही सांगणार."

 मी मेथी धुवायला घेतली.

मग सगळ्यांचं नाटक सुरू झालं, आणि काय वाईट नाटक! भेटायला येणारा प्रत्येकजण दारातूनच ओरडायचा, "वा सर, तब्येत सुधारली की!" आणि सर रोज अधिक पिवळे, अधिक बारीक. सफरचंदांचा ढीग. कॉलेजातला शिपाई वामन, ज्याच्याशी सरांचं तीस वर्षं खिडक्या लावण्यावरून भांडण होतं, तो येऊन म्हणाला, सर, तुमचंच बरोबर होतं, खिडक्या उघड्याच पाह्यजे. तो गेल्यावर सर माझ्याकडं वळले.

"पोरी, माह्यासंग कोणी भांडून नाही राहिलं," ते म्हणाले.

मला वाटलं, आता विचारतात. पण नाही. नागपूरची फाइल कपाटावर समोर दिसत होती. प्रत्येक पात्राची उलटतपासणी घेणाऱ्या या माणसानं ती एकदाही मागितली नाही. गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचलं नाही. विचारायचे ते एकच, आणि तेही असं सहज, पाणी मागावं तसं.

"चंपत आला का?"

"नाही सर."

"फोन?"

"नाही."

"मंग ठीक आहे," ते म्हणायचे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरंच थोडी तरतरी यायची. दोन घास जास्त जायचे. पहिल्यांदा मला वाटलं राग अजून गेलेला नाही. मग एक दिवस त्यांनीच सांगितलं, कुशीवर वळता वळता. "त्याचा जीव लय आहे माह्यावर. मी मराले टेकलो तं तो घरी बसणारच नाही. नाही आला, म्हणजे खडेच आहेत." आणि लगेच, माझ्याकडं न बघता, "आला असता तं बरं वाटलं असतं म्हणा."

फोन आला नव्हता हे खोटं होतं. फोन रोज येत होता, काकूंच्या मोबाइलवर, आणि काकू तो मागच्या अंगणात जाऊन घेत होत्या. चंपतराव रोज विचारत, येऊ का? काकू रोज म्हणत, तुमी दारात दिसले की त्यायले समजंल. मग ते काय करतील ते तुमाले मालूम आहे. आणि चंपतरावांना ते मालूम होतंच. बापाला खरं सांगितलं म्हणून त्यांनी भाऊ तोडला होता. आता त्यांचं नुसतं येणं म्हणजेच ते सांगणं होतं. मी अनेक वर्षं नाट्यगत उपरोध शिकवते. त्या महिन्यात तो धडा मी दोनदा पुढं ढकलला.

एप्रिलात पेपर तपासायला मला अकोल्याला जावं लागलं. काम आटपल्यावर ऑटो करून मी मळ्यावर गेले. फुलं आता नाहीत, वांगी आणि भेंडी. चंपतराव विहिरीच्या कठड्यावर बसले होते. सभागृहातला तोच माणूस, टोपी तीच, खांदे उतरलेले. मी अमरावतीहून आले म्हटल्यावर ते उभेच राहिले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी घाईघाईनं म्हटलं, तसं काही नाही काका, सर आहेत.

ते परत बसले. "काय खाते?"

"वरण-भात थोडा. ताक."

"अन् झोप?"

"कमी."

"लहानपणी माह्या पोटावर पाय ठेवल्याशिवाय झोपे नाही तो," ते म्हणाले. मग विहिरीत बघत, "मी काय करू, तूच सांग बाई. तू शिकेल आहे. मी गेलो तं तो जेवण सोडते. नाही गेलो तं माह्या घशाखाली घास नाही उतरत. त्याले वाटत असंल, चंपत किती दगड आहे."

मी सांगितलं, की त्यांना तसं वाटत नाही. तुम्ही आला नाहीत म्हणून आपण बरे होतोय असं त्यांना वाटतं. हे सांगायला हवं होतं की नाही, अजूनही कळत नाही. चंपतरावांनी टोपी काढली, तोंडावर धरली आणि त्यात तोंड घालून तो एवढा मोठा माणूस रडला. विहिरीवर पंप चालू होता, म्हणून रस्त्यापर्यंत काही ऐकू गेलं नसेल.

मेच्या मध्यावर सरांचं खाणं तसंही सुटलं. वरणाचं पाणीही पोटात राहत नव्हतं. डॉक्टर घरी येऊन गेले आणि जाताना फाटकाशी काकूंना म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. काकू ओट्यावर बसल्या. मला वाटलं आता या रडतील. त्या म्हणाल्या, "आता ताटाची भीती कायची," आणि त्यांनी फोन लावला.

चंपतराव दुसऱ्या दिवशी दुपारी आले. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. मी सरांजवळ बसून पंख्याखाली ओला पंचा धरत होते. दारात सावली पडली. सरांनी डोळे उघडले, बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं. मी ते जाताना पाहिलं. चंपत आला नाही, या एका गोष्टीला धरून हा माणूस हिवाळ्यापासून रोज दोन घास गिळत होता, आणि आता चंपतराव दारात उभे होते, टोपी हातात घेऊन.

"इकडं आलतो," चंपतराव म्हणाले.  "वांग्याची रोपं पाहाले. म्हटलं, चक्कर मारावी."

किती कच्चं नाटक! मेच्या उन्हात वांग्याची रोपं कोण लावतं, आणि अकोल्याचा माणूस ती घ्यायला अमरावतीला कशाला येईल? सर मळ्यात वाढलेले. त्यांची भुवई वर गेली होती. ती भुवई मी ओळखत होते. आता पुढं येणार होतं, "हे कोणं सांगतलं तुले?"

"या उन्हात रोपं?" सर म्हणाले.

चंपतराव हातातली टोपी चुरगळू लागले.  सर ती टोपी बघत राहिले, मग भावाच्या तोंडाकडं बघत राहिले, आणि भुवई हळूहळू खाली आली.

"हो, आता मिळतात," ते म्हणाले. "लवकर घेतलेलीच बरी. बस."

चंपतराव पलंगाच्या कडेवर बसले. सरांनी मोठ्या कष्टानं एक पाय उचलला आणि त्यांच्या मांडीवर टाकला. चंपतराव तो पाय दाबायला लागले. मी उठून स्वयंपाकघराच्या दाराशी काकूंजवळ जाऊन उभी राहिले. बापाचं नाव कोणीच काढलं नाही. विहिरीला पाणी किती, भेंडीवर रोग आहे का, जुनं चिंचेचं झाड आहे की तोडलं, असं तुटक तुटक चाललं होतं. मग सरांनी विचारलेलं मी स्पष्ट ऐकलं.

"सुमननं तुले घाबरवलं तं नाही ना? काही नाही मले. खडे आहेत पित्ताचे."

"मालूम आहे," चंपतराव म्हणाले.

"डॉक्टर म्हणते, पाणी पडलं की हिंडा-फिराले लागसान. पोळ्याले येतो मी मळ्यात."

"ये ना."

"बैल आहेत का अजून?"

"नाहीत. पण तू ये. आणतो कोणाचे तरी."

काकूंनी तोंडात पदराचा बोळा कोंबला होता. एवढ्या वर्षांत सरांना खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि ते इतकं सफाईनं बोलत होते की माहीत नसतं तर मीसुद्धा फसले असते.

थोड्या वेळानं चंपतराव तोंड धुतो म्हणून मागच्या अंगणात गेले. नळ सुटल्याचा आवाज आला, आणि तो बराच वेळ सुरूच राहिला. सरांनी मला बोटानं जवळ बोलावलं. मी वाकले. त्यांचा श्वास कडवट येत होता.

"त्याले समजलं तं नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही सर," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटून घेतले.